१५ सेकंदांचा राग, पाच वर्षांचा हिशेब

४ जून २०२४ च्या संध्याकाळी अमरावतीत आमच्या मोहल्ल्यात पेढे वाटले गेले. काँग्रेसचे बळवंत वानखडे १९,७३१ मतांनी निवडून आले होते आणि भाजपच्या नवनीत राणा हरल्या होत्या. मीही पेढा खाल्ला. शेजारी उभ्या असलेल्या कॉलेजातल्या एका मुलाला सहज विचारलं, "वानखडे साहेब याआधी काय होते रे?" त्याला सांगता आलं नाही. ते दर्यापूरचे आमदार होते, हे मी सांगितलं. मग त्यानेच मला विचारलं, "भाईजान, २०१९ मध्ये तुम्ही कोणाला मत दिलं होतं?"

मी गप्प बसलो. २०१९ मध्ये मी नवनीत राणांनाच मत दिलं होतं, आणि आमच्या गल्लीत तसा मी एकटा नव्हतो.

आजचं हे संपादकीय त्या गप्प बसण्याबद्दल आहे. राणांवर राग काढणारं लिखाण भरपूर झालं आहे. मला त्यांची कारकीर्द नीट मांडायची आहे, कारण ती मांडताना आपली मतदार म्हणून कारकीर्दही समोर येते.

नवनीत राणा मूळच्या मुंबईच्या. राजकारणात येण्याआधी त्यांनी प्रामुख्याने तेलुगू सिनेमांत काम केलं. २०११ मध्ये अमरावतीतल्या सामूहिक विवाह सोहळ्यात त्यांचं लग्न बडनेऱ्याचे आमदार रवी राणा यांच्याशी झालं. २०१४ ची लोकसभा त्यांनी राष्ट्रवादी काँग्रेसच्या तिकिटावर लढवली आणि शिवसेनेच्या आनंदराव अडसूळ यांच्याकडून त्या हरल्या. २०१९ ला त्या अपक्ष उभ्या राहिल्या, काँग्रेस आणि राष्ट्रवादीने पाठिंबा दिला, आणि त्याच अडसुळांना त्यांनी सुमारे ३७ हजार मतांनी हरवलं.

त्या निवडणुकीत आमच्याकडे प्रचार असा झालाच नाही. एका कोपरा सभेत मोहल्ल्यातले एक बुजुर्ग उठले आणि म्हणाले, "सेना-भाजपला रोखायचं असेल तर हेच एक बटण आहे." सगळ्यांनी मान हलवली. मी इंजिनिअर. ऑफिसात कोणाचा दहा ओळींचा कोड आला तरी चार प्रश्न विचारल्याशिवाय पुढे जाऊ देत नाही. त्या दिवशी मी एकही प्रश्न विचारला नाही. निवडून आल्यावर तुम्ही संसदेत कोणाबरोबर बसणार? नागरिकत्वावर, आरक्षणावर, शेतमालाच्या भावावर तुमची भूमिका काय? हे विचारायला त्या आमच्या भागात आल्या तेव्हा वेळ होता. आम्ही सेल्फी काढल्या.

त्याच वर्षी ऑक्टोबरच्या विधानसभा निवडणुकीनंतर रवी राणांनी भाजपला पाठिंबा दिला. नवनीत राणांचीही भाषा हळूहळू बदलत गेली. इथे एक गोष्ट लक्षात घ्या. पक्षाच्या खासदाराला व्हिप असतो, तो मोडला तर खासदारकी जाऊ शकते. अपक्षाला व्हिप नसतो. त्यामुळे अपक्ष खासदाराचं प्रत्येक मत हे त्याचं स्वतःचं मत असतं, "पक्षाने सांगितलं म्हणून" ही सबब तिथे चालत नाही. ९ डिसेंबर २०१९ ला नागरिकत्व दुरुस्ती विधेयक लोकसभेत ३११ विरुद्ध ८० मतांनी मंजूर झालं. पुढचे काही आठवडे आम्ही मोर्च्यांत होतो, तिरंगे घेऊन, संविधानाची उद्देशिका वाचत. पण आमच्या खासदाराच्या कार्यालयात जाऊन "ताई, त्या दिवशी तुम्ही काय केलंत?" असं विचारायला आमच्यापैकी कोणी गेलं नाही. दिल्लीच्या सरकारला जाब विचारणारे आम्ही, घरापासून दोन किलोमीटरवर असलेल्या प्रतिनिधीला विसरलो.

मग आलं २०२२. त्या एप्रिलमध्ये राणा दांपत्याने मातोश्रीसमोर हनुमान चालिसा म्हणण्याची घोषणा केली. २३ एप्रिलला दोघांना अटक झाली आणि त्यांच्यावर राजद्रोहाचं १२४-अ हे कलम लावलं गेलं. मेच्या सुरुवातीला त्यांना जामीन मिळाला. जामीन देताना मुंबईच्या सत्र न्यायालयाने म्हटलं, की त्यांच्या वक्तव्यांनी मर्यादा ओलांडली असली तरी तेवढ्याने राजद्रोह होत नाही. त्याच महिन्यात ११ तारखेला सर्वोच्च न्यायालयाने राजद्रोहाच्या कलमाची अंमलबजावणीच थांबवली.

त्या अटकेच्या दिवशी आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर हसणारे इमोजी पडत होते. मीही एक टाकला होता, ते लपवत नाही. आज त्याची लाज वाटते. ज्या कलमाखाली विद्यार्थी, पत्रकार आणि आपले कितीतरी तरुण अडकले, तेच कलम आपल्याला न आवडणाऱ्या बाईवर लागलं म्हणून आपण खूश झालो. कायदा चुकीचा असेल तर तो सगळ्यांसाठी चुकीचा असतो. त्या दिवशी आपल्या चळवळीने "राणांची भूमिका आम्हाला मान्य नाही, पण हे कलम त्यांच्यावर लावणं चूक आहे" असं पत्रक काढायला हवं होतं.

त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये एक मुलगी घरातून निघून गेली, तेव्हा राणांनी 'लव्ह जिहाद'चा आरोप करत राजापेठ पोलीस ठाण्यात पोलिसांशी वाद घातला. मुलगी साताऱ्यात सापडली आणि आपण स्वतःहून घर सोडल्याचं तिने सांगितलं. पण तोवर अमरावतीतल्या किती मुस्लिम पोरांच्या आयांची झोप उडाली असेल, याचा हिशेब कुठल्या पोलीस डायरीत नसतो. निवडून आलेल्या माणसाच्या शब्दाला वजन असतं. तो शब्द तपासाच्या आधी उच्चारला गेला की त्याचं ओझं गल्लीतल्या माणसांवर पडतं.

आता आपली बाजू. नोव्हेंबर २०२१ मध्ये त्रिपुरातल्या घटनांच्या निषेधार्थ अमरावतीत आपल्या लोकांचा मोर्चा निघाला आणि त्यात दुकानांवर दगडफेक झाली. दुसऱ्या दिवशी भाजपने पुकारलेल्या बंदमध्ये हिंसाचार झाला. संचारबंदी लागली, इंटरनेट बंद झालं. मी तेव्हा घरून काम करत होतो. पुण्यातल्या मॅनेजरला साध्या फोनवर समजावून सांगत होतो की माझ्या शहरात इंटरनेट नाही, आणि का नाही ते सांगताना जीभ अडखळत होती. पहिला दगड आपल्या मोर्च्यातून गेला, हे मला त्याला सांगवेना.

२१ जून २०२२ ला औषध दुकानदार उमेश कोल्हे यांचा खून झाला. नुपूर शर्मांच्या समर्थनार्थ पोस्ट टाकली म्हणून त्यांना मारल्याचा आरोप आहे, आणि आरोपी आपल्या समाजातले आहेत. राणांनी स्थानिक पोलिसांवर प्रकरण दाबल्याचा आरोप केला आणि केंद्राकडे दाद मागितली. पुढे तपास एनआयएकडे गेला. खासदार म्हणून तपासाची मागणी करणं हे त्यांचं कामच होतं. आपलं काम होतं त्या कुटुंबाच्या दारात जाऊन उभं राहणं. आपल्यातले मोजके लोक बोलले, बाकीचे "वातावरण निवळू द्या" म्हणत घरी बसले. ज्यांच्याविरुद्ध आपण मत देतो त्यांच्या चुका मोजताना आपली ही पानं फाडून टाकता येणार नाहीत.

मार्च २०२४ मध्ये नवनीत राणा भाजपमध्ये गेल्या आणि उमेदवारी मिळाली. ४ एप्रिलला सर्वोच्च न्यायालयाने त्यांचं जात प्रमाणपत्र वैध ठरवलं. २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तेच प्रमाणपत्र रद्द करून दोन लाखांचा दंड केला होता, तो निर्णय यामुळे रद्द झाला. २६ एप्रिलला अमरावतीत मतदान झालं. त्यानंतर मे महिन्यात हैदराबादच्या प्रचारात त्यांनी ते वाक्य उच्चारलं: पोलीस बाजूला केले तर आम्हाला १५ सेकंद पुरेत. अकबरुद्दीन ओवेसींच्या २०१२ मधल्या '१५ मिनिटांच्या' भाषणाला ते उत्तर होतं. ते भाषणही विषारी होतं आणि हे उत्तरही. दोघांनीही पोलीस हटवण्याची भाषा केली. पोलीस हटले की काय होतं, हे अमरावतीच्या आणि अकोल्याच्या माणसांना कोणी सांगायची गरज नाही.

गंमत पाहा. आमच्या मोहल्ल्यात आज राणांबद्दल विचारलं तर प्रत्येक पोरगा ते १५ सेकंदांचं वाक्य म्हणून दाखवतो. पाच वर्षांत त्यांनी लोकसभेत कोणते प्रश्न विचारले, खासदार निधी कुठे वापरला, हे एकालाही सांगता येत नाही. त्यांनी मतदारसंघाची कामं केलीच नाहीत, असं मी म्हणत नाही. आपण ती पाहिलीच नाहीत, असं म्हणतो आहे. आपण २०१९ ला भीतीने मत दिलं आणि २०२४ ला रागाने. दोन्ही वेळा माहितीने दिलं नाही. आणि भीतीने किंवा रागाने दिलेल्या मताचा फायदा उमेदवाराला फुकट मिळतो. त्या बदल्यात त्याला आपल्याला कसलंही वचन द्यावं लागत नाही.

माझं माहेरघर म्हणावं तर अकोला. अब्बा-अम्मी तिथेच आहेत. तिथली गोष्ट याहून जुनी. अकोल्याने १९६७ आणि १९७१ मध्ये काँग्रेसचे के. एम. असगर हुसेन यांना लोकसभेत पाठवलं होतं. नंतर १९८९ पासून भाजपचे पांडुरंग फुंडकर तीनदा, १९९८ आणि १९९९ ला प्रकाश आंबेडकर, आणि २००४ पासून सलग चार वेळा भाजपचे संजय धोत्रे निवडून आले. २०२४ मध्ये त्यांचे चिरंजीव अनुप धोत्रे जिंकले. संजय धोत्रे २०१९ ते २०२१ या काळात केंद्रात शिक्षण आणि इलेक्ट्रॉनिक्स व माहिती तंत्रज्ञान या खात्यांचे राज्यमंत्री होते. म्हणजे शिष्यवृत्ती, विद्यापीठं आणि माझा स्वतःचा धंदा, तिन्ही ज्या खात्यांत येतात तिथे आमच्या जिल्ह्याचा माणूस बसला होता. अब्बांना मी विचारलं, आपल्यातलं कोणी त्यांच्याकडे निवेदन घेऊन गेलं होतं का? अब्बा म्हणाले, "वो अपने थोड़ी हैं।" एवढ्या एका वाक्यावर आपण वीस वर्षं घरी बसलो. मत दिलं नाही म्हणून खासदार आपला नसतो, असं संविधानात कुठे लिहिलं आहे?

मग करायचं काय? मोठ्या गोष्टी सांगत नाही. वहीभर काम सांगतो.

लोकसभेच्या संकेतस्थळावर प्रत्येक खासदाराचे प्रश्न, भाषणं आणि हजेरी मिळते. विभागणी मागितली गेली असेल तर कोणी कोणत्या बाजूने मत दिलं तेही कामकाजात छापलेलं असतं. खासदाराला वर्षाला ५ कोटींचा स्थानिक विकास निधी असतो आणि त्याच्या कामांची माहिती मागता येते. आपल्या चळवळीच्या प्रत्येक शाखेत दोन पोरं-पोरींनी दर अधिवेशनानंतर एक संध्याकाळ बसून हे वहीत उतरवावं. डाव्या पानावर आपले प्रश्न, उजव्या पानावर खासदाराने केलेलं काम.

डाव्या पानावर फक्त 'मुस्लिम प्रश्न' लिहू नका. अचलपूरची फिनले मिल २०२० च्या लॉकडाऊनपासून बंद पडली. ती केंद्राच्या राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाची, म्हणजे थेट खासदाराच्या अखत्यारीतला विषय. तिथून घरी बसलेल्या कामगारांत तडवी, शेख, देशमुख, इंगळे सगळे आहेत. दर्यापूर, अकोट, बाळापूरकडच्या खारपाणपट्ट्यात विहिरीचं पाणी पिता येत नाही. शकुंतला रेल्वे थांबली आहे. मेळघाटातली बालकं कुपोषित आहेत. हे लिहा. आणि त्याच पानावर शिष्यवृत्त्या, वक्फ, द्वेषाची भाषणं हेही लिहा.

ही वही वानखडे साहेबांसाठी आधी उघडा. त्यांना आपण मत दिलं आहे, म्हणून त्यांच्याकडून हिशेब मागण्याचा पहिला हक्क आणि पहिली जबाबदारी आपली आहे. "आपला माणूस आहे, कशाला त्रास द्यायचा" हे वाक्य आणि अब्बांचं "अपने थोड़ी हैं" हे वाक्य, दोन्हींचा परिणाम एकच: कोणालाच प्रश्न विचारायचे नाहीत. अकोल्यात अनुप धोत्रेंकडेही तीच वही घेऊन जा, सलाम करून बसा, आणि विचारा. आणि नवनीत राणा उद्या पुन्हा मत मागायला आल्या तर त्यांनाही बसायला खुर्ची द्या. नोव्हेंबर २०२४ मध्ये दर्यापूर तालुक्यातल्या खल्लारला त्यांच्या सभेत खुर्च्या फेकल्या गेल्या. फेकणारा कोणीही असो, ज्याच्याकडे प्रश्न असतो त्याला खुर्ची फेकावी लागत नाही.

पेढ्याच्या दिवशी मला प्रश्न विचारणारा तो मुलगा हल्ली आमच्या शाखेत येतो. मागच्या आठवड्यात त्याने दोनशे पानी वही आणली आणि विचारलं, "भाईजान, पहिल्या पानावर कोणाचं नाव टाकू?" मी म्हणालो, आधी स्वतःचं टाक. मग खासदाराचं.