ब्रेकची नळी घरीं बदलावी काय ?

आमच्या शेतकरी बंधूंच्या अंगणांत आज जीप किंवा लहान मालवाहू गाडी उभी दिसते, ही समाधानाची गोष्ट होय. परंतु बैलाच्या खुरांची जितकी काळजी आपण घेतों, तितकी या गाडीच्या पोटाखालून जाणाऱ्या ब्रेकच्या नळ्यांची घेत नाहीं. त्या गंजल्या म्हणजे मिस्त्री गांठावा कीं घरींच बदलाव्या, असें आम्हांस पुष्कळ जण विचारतात. आमचें मत असें कीं, हें काम घरीं करण्यास हरकत नाहीं; मात्र तें अर्धवट करण्याचा अधिकार कोणासही नाहीं.

हें आम्ही अनुभवानें लिहितों. दोन वर्षांपूर्वीं आमच्या पुतण्याची जीप खताचीं पोतीं घेऊन येत असतां, कुंभार्ली घाटाच्या तोंडाशीं पेडल एकाएकीं खालीं गेलें. ब्रेकची व्यवस्था दोन स्वतंत्र भागांत असल्यामुळें पुढील चाकांचा ब्रेक शाबूत होता; त्याच्या व हातब्रेकच्या आधारानें गाडी थांबली. वाकून पाहतां मागील नळीवर तारेनें आवळलेला रबराचा तुकडा फाटलेला आढळला. ही डागडुजी आमच्याच अंगणांत, आमच्याच संमतीनें झाली होती. चार पैसे वाचले म्हणून त्या वेळीं आम्हांस धन्यताही वाटली होती !

जोरानें ब्रेक दाबला असतां नळींतील तेलावर पडणारा दाब टायरमधील हवेच्या दाबाच्या तीसपटीहूनही अधिक होऊं शकतो. तेथें रबर, डाख किंवा पाण्याच्या नळाचा सांधा काय टिकणार ? आम्हीं उभा जन्म महसूल खात्यांत काढला. सातबाऱ्यावरील चूक खाडाखोडीनें सुधारत नाहीं, रीतसर फेरफार घालावा लागतो. नळीचेंही तसेंच आहे. गंजलेली नळी एका सांध्यापासून दुसऱ्या सांध्यापर्यंत सबंध बदलावी.

नवी नळी ब्रेकसाठींच केलेली, पोलादाची किंवा तांबें-निकेलच्या मिश्र धातूची असावी. निव्वळ तांब्याची नळी हादऱ्यांनीं कडक होऊन तडकते. नळीचें तोंड यंत्रानें नीट दुमडावें लागतें. तें साधन नसल्यास जुनी नळी दुकानीं नेऊन त्याच मापाची तयार नळी आणावी. गाडी सपाट व टणक जमिनीवर घेऊन चाकांना उटी लावावी. नुसत्या जॅकच्या भरंवशावर गाडीखालीं कदापि शिरूं नये. भक्कम स्टँड द्यावे. गंजलेला नट साध्या पान्यानें झिजतो, म्हणून नळीच्या नटाचा खास पाना वापरावा.

तेल टाकीच्या झांकणावर लिहिलें असेल तेंच, म्हणजे बहुधा डॉट ३ किंवा डॉट ४, व बंद डब्यांतील घ्यावें. हें तेल हवेंतील ओल शोषून घेतें. नवें डॉट ३ तेल निदान २०५ अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाहीं. ओल शिरल्यावर ही मर्यादा १४० अंशांपर्यंत उतरूं शकते. मग घाटांत तेलाची वाफ होते व पेडल पोकळ लागतें. इंजिनचें तेल घातल्यास आंतील रबर फुगून सर्वच बिघडतें.

शेवटीं हवा काढावी. एकानें पेडल दाबावें, दुसऱ्यानें चाकाजवळचा स्क्रू सैल करून पेडल सोडण्यापूर्वीं आवळावा. चाकांचा क्रम गाडीच्या पुस्तकांत असेल तोच धरावा व टाकी रिकामी होऊं देऊं नये. नंतर इंजिन चालू ठेवून पेडल मिनिटभर जोरानें दाबून धरावें आणि प्रत्येक सांधा कोरडा आहे कीं नाहीं तें पाहावें. पेडल मऊ लागेल तोंवर गाडी रस्त्यावर नेऊं नये. एबीएस असलेल्या गाडीच्या यंत्रांत हवा शिरल्यास मात्र मुकाट्यानें कारखाना गांठावा. त्यांत कमीपणा नाहीं.

गंजाचें मूळही घरींच असतें. पोटॅश खतांतील क्षार, कोंकणची खारी हवा व नळीच्या पकडींत अडकलेला चिखल लोखंड खातात. म्हणून खत वाहिल्यावर गाडीचें पोट पाण्यानें धुवावें.

आपल्या सोसायटीस आमची एक सूचना आहे. नळीचें तोंड दुमडण्याचें यंत्र, खास पाने व स्टँडची एक जोडी घेऊन तीं सभासदांस अल्प भाड्यानें द्यावींत. हीं साधनें घरोघर असूं शकत नाहींत, आणि तीं नाहींत म्हणूनच रबर व तार पुढें येते. आमच्या पुतण्याची गाडी घाटाच्या तोंडाशीं थांबली. ती उतारावर असती, तर हा लेख लिहिण्याचें धैर्य आम्हांस झालें नसतें.