शेताचें धन धरणाच्या तळीं

मृगाच्या मोठ्या सरी पडून गेल्या कीं ओढेनाले गढूळ होऊन धांवूं लागतात, आणि ‘धरणांत पाणी येऊं लागलें’ म्हणून आम्ही शहरवासी संतोष पावतों. त्या पाण्याबरोबर आणखी काय येतें, याचा विचार मात्र फार थोडे करतात. व्यापारी आपली तिजोरी रोज तपासतो. पण ज्या जमिनीच्या पिकावर त्याची पेढी चालते तिची तिजोरी दर पावसाळ्यांत फुटते, तिकडे त्याचें लक्ष नसतें.

या चोरीची रीत पाहण्यासारखी आहे. पावसाचा थेंब उघड्या ढेकळावर आपटून तें फोडतो. वाहतें पाणी जड वाळू मागें टाकून बारीक कण पुढें नेतें. पिकास लागणारा स्फुरद नेमका या चिकणमातीच्या कणांस व कुजलेल्या पालापाचोळ्याच्या अंशास चिकटलेला असतो. म्हणून वाहून गेलेली माती मागें उरलेल्या मातीहून अधिक कसदार असते. नत्राचा बराच भाग पाण्यांत विरघळून नदी गांठतो. १९८३ सालच्या एका प्रसिद्ध अंदाजाप्रमाणें भारतांत दरवर्षीं सुमारें ५३३ कोटी टन माती आपली जागा सोडते व तिचा सुमारें दहावा हिस्सा धरणांत जाऊन बसतो.

तळाशीं बसलेलें हें धन तेथें स्वस्थ राहत नाहीं. उष्ण दिवसांत खोल पाण्याच्या तळाचा प्राणवायु संपला म्हणजे गाळांत लोहाशीं बांधलेला स्फुरद सुटून पाण्यांत परत येतो. त्यावर शेवाळ व जलपर्णी माजतात आणि त्या कुजतांना उरलासुरला प्राणवायुही खातात. नवी आवक थांबली तरी तळाचें जुनें कर्ज पुष्कळ वर्षें व्याज घेत राहतें.

भीमेवरील उजनीचें धरण १९८० सालीं पुरें झालें. त्याचा साठा सुमारें ११७ अब्ज घनफूट असून त्यांतील अर्ध्याहून अधिक मृतसाठ्यांत मोडतो. सोलापूर शहर या जलाशयाचें पाणी पितें, आणि तें हिरवें पडत असल्याची ओरड बरीच जुनी आहे. तिचा सगळा दोष शेतकऱ्याच्या माथीं मारणें मात्र अन्यायाचें होईल. पुणें व पिंपरी-चिंचवड यांचें मैलापाणी मुळा, मुठा व पवना यांच्या वाटेनें याच भीमेंत उतरतें. शेतकऱ्यास उपदेश करण्यापूर्वीं शहरांनीं आपलें अंगण झाडलें पाहिजे.

गाळ काढून शेतांत टाकावा, असें कोणी म्हणेल. सूचना जुनी व चांगली आहे. महात्मा फुले यांनीं १८८३ सालच्या ‘शेतकऱ्याचा असूड’ या ग्रंथांत तलावांतील गाळ शेतकऱ्यांस फुकट नेऊं द्यावा, अशी मागणी केली होती. महाराष्ट्र सरकारनें २०१७ सालीं ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ ही योजना काढली, तिचें आम्ही स्वागतच करतों. परंतु उन्हाळ्यांत कोरडा पडणारा लहान तलाव उपसतां येतो. मोठ्या धरणाचा मृतसाठ्याखालील तळ तसा हातीं लागत नाहीं. शिवाय जेथें कारखान्यांचें पाणी मिसळतें तेथील गाळ तपासल्यावांचून शेतांत घालणें धोक्याचें आहे. चोर पळाल्यावर माग काढण्यापेक्षां घराला कडी लावणें स्वस्त पडतें.

ती कडी म्हणजे शेताचा बांध. मुंबई इलाख्यांत १९४२ सालीं जमीनसुधारणेचा कायदा होऊन समतल बांधबंदिस्तीस कायद्याचें बळ मिळालें. आज दोन तासांच्या जागेसाठीं तोच बांध कोरला जात आहे. बांध राखणें, उतारास आडवी पेरणी करणें, ओढ्याकांठीं गवताचा पट्टा सोडणें आणि माती तपासून बेतानेंच खत देणें, हे उपाय गरीब शेतकऱ्याच्याही आवांक्यांतले आहेत. खत विकणाऱ्या दुकानदारांस आमची विनंती आहे कीं, गिऱ्हाईकास गोणी देण्यापूर्वीं मातीचा दाखला विचारावा. स्फुरदाचा कच्चा माल आपण बहुतांशीं परदेशांतून पैसे मोजून आणतों. तोच गाळांत पुरणें हा कोणता हिशेब?

सरकारनें नदीवर बांध घातला, तरी शेतकऱ्यानें शेतांत आणि शहरानें आपल्या गटारास बांध घातला नाहीं तर तो पहिला बांध आपण गाळ सांठविण्यासाठींच घातला, असें पुढची पिढी म्हणेल.