गाव बिनविरोध झालं, एका घराला कुलूप लागलं

थोडं मोठं लिहितोय. वेळ काढून वाचा. राग आला तर माझ्यावर काढा, ज्यांच्याबद्दल लिहितोय त्यांच्यावर नको. म्हणूनच गावाचं नाव देत नाही. ओळखणारे ओळखतील.

परवा स्टँडमागच्या गल्लीत आपल्याच तालुक्यातले एक अण्णा भेटले. गावात पाच एकर बागायत, स्वतःचं घर, दारात म्हशी. आणि राहतात कुठे? इथे तालुक्याला, दहा बाय बाराच्या भाड्याच्या खोलीत. मी विचारलं, "पोरांच्या शाळेसाठी आलात का?" म्हणाले, "लोकांना तसंच सांगतो."

खरं कारण एवढंच, की मागच्या ग्रामपंचायतीला त्यांचा थोरला मुलगा पडलेल्या पॅनेलचा पोलिंग एजंट होता.

कुणी मारहाण केली नाही. शिवीसुद्धा दिली नाही. आधी डेअरीत त्यांच्याच दुधाला फॅट लागेना. मग रानाकडे जाणाऱ्या वाटेवर चर खणला गेला. सोसायटीचं कर्ज 'पुढच्या मीटिंगला बघू' म्हणून तीन मीटिंगा लांबलं. उसाला तुरे आले, तरी तोड येईना. ट्रॅक्टरवाला अंधार पडल्यावर येऊन सांगायचा, "नांगरून देतो, पण दिवसा नको." शेवटी मुलीच्या हळदीला भावकीतली मोजून अकरा माणसं आली. जेवण उरलं. त्या रात्री काकू म्हणाल्या, आता इथे राहायचं नाही.

म्हशी विकल्या, घराला कुलूप लावलं. अण्णा आता रोज सकाळी मोटारसायकलवर स्वतःच्याच रानात पाहुण्यासारखे जातात.

आता माझं सांगतो. यंदा ते गाव बिनविरोध झालं आणि ती बातमी मीच लावली. 'गावाने जपला एकोपा' असा मथळा दिला. गुलाल, फेटे, सत्काराचा फोटो. त्याच आठवड्यात पॅनेलप्रमुखाच्या वाढदिवसाची जाहिरात आली, तीही मीच आणली. वीसेक वर्षं पत्रकारिता करतोय, पण त्या गल्लीतल्या कुलपाबद्दल एक प्रश्न विचारावा असं मला वाटलं नाही. बिनविरोध म्हणजे विरोध नाही, की विरोध करणारा उरला नाही? हा फरक मला कळायला हवा होता.

काही जण लगेच म्हणतील, 'बिनविरोध गावांचा विकास होतो, हिवरेबाजार बघा.' बघा ना. हिवरेबाजारात तीस वर्षांनी २०२१ मध्ये ग्रामपंचायतीचं मतदान झालं. पोपटराव पवारांचंच पॅनेल निवडून आलं. मतदान झालं म्हणून गाव बुडालं नाही. कामाला लोकांची पसंती असेल तर ती मतपेटीतूनही दिसतेच. दुसरीकडे त्याच निवडणुकीच्या वेळी नाशिक जिल्ह्यातल्या उमराणे आणि नंदुरबारमधल्या खोंडामळी इथे पदांचे लिलाव झाल्याचं उघड झालं आणि राज्य निवडणूक आयोगाने तिथल्या निवडणुकाच रद्द केल्या. म्हणजे एकोपा कशाने येतो हे गावागावात तपासावं लागतं. मी तपासलं नव्हतं.

दुसरा मुद्दा, 'मत गुप्त असतं, कोण कुणाचं ते कळतंच कसं?' अहो, चार-पाचशे मतांचा वॉर्ड. कोण कुणाच्या प्रचाराला गेलं, कुणी कुणाचा चहा प्यायला नाही, सगळं माहीत असतं. लोकसभा-विधानसभेलासुद्धा बूथवार आकडे जाहीर होतात, आणि दुसऱ्या दिवशी पारावर हिशेब मांडला जातो की कुठल्या वस्तीने 'दगा' दिला. अनेक बूथची मतं एकत्र मोजणारं टोटलायझर यंत्र निवडणूक आयोगाने २००८ मध्येच सुचवलं होतं. विधी आयोगानेही २०१५ मध्ये त्याला पाठिंबा दिला. सरकारने ते स्वीकारलं नाही. कुणाला नको असेल, तुम्हीच ठरवा.

तिसरा मुद्दा सगळ्यात लाडका. 'राजकारण चार दिवसांचं, गाव कायमचं.' हे वाक्य नेहमी हरलेल्यालाच का ऐकवतात? जिंकलेल्याला कुणी सांगत नाही की बाबा, चार दिवस झाले, आता त्याची वाट मोकळी कर. आणि ज्या नेत्यांसाठी आपण हे करतो, ते कुठे आहेत? २०१९ पासून या राज्यात कोण कुणासोबत बसलं नाही सांगा. २०२२ ला एक पक्ष फुटला, २०२३ ला दुसरा. कालचे वैरी आज एका मंत्रिमंडळात. ते एका ताटात जेवतात आणि आपण चुलतभावाच्या पोरीच्या हळदीला जात नाही.

मला सगळ्यात जास्त भीती कशाची वाटते सांगतो. असं एकेक घर उठतं. ज्याला परवडतं तो तालुक्याला येतो, पुढे पुणे-मुंबई गाठतो. मतं पण हळूहळू इकडे हलतात. ज्याला रान नाही, भाडं परवडत नाही, तो तिथेच राहतो आणि गप्प बसतो. मग गाव 'एकविचाराचं' दिसायला लागतं. ग्रामसभेत हिशेब विचारणारा राहत नाही. पाणीयोजनेचं बिल दोनदा निघालं तरी हात वर होत नाही. त्याचा फटका फक्त विरोधकाला बसत नाही, गुलाल उधळणाऱ्यालाही बसतो. त्याच्याही नळाला पाणी येत नाही.

भारतात कुठेही राहायचा हक्क घटनेच्या कलम १९ ने दिलाय. त्यात स्वतःच्या गावातल्या स्वतःच्या घरात राहायचा हक्कही आला. आपल्या राज्याने सामाजिक बहिष्काराविरुद्ध २०१६ चा वेगळा कायदा केला, तो जुलै २०१७ पासून लागू आहे. तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. राजकीय कल हे कारणसुद्धा त्यात आहे. पीडित माणूस किंवा त्याच्या घरचे पोलिसांकडे किंवा थेट न्यायदंडाधिकाऱ्यांकडे जाऊ शकतात. कायदा लिहिलाय तो जात-धर्माच्या समाजाच्या चौकटीत, त्यामुळे पॅनेलच्या बहिष्काराला तो लावताना वकील कीस पाडतील, हे खरं. पण भावकीनेच वाळीत टाकलं असेल तर?

अण्णांना हे सांगितलं. ते म्हणाले, "तक्रार दिली तर रान पण विकावं लागंल." पुढे मला बोलता आलं नाही.

म्हणून दोन गोष्टी. यापुढे बिनविरोधची बातमी लावण्याआधी मी त्या गावात जाऊन अर्ज कुणी मागे घेतले, का घेतले आणि कुठल्या घराला कुलूप आहे, हे विचारणार. जाहिरात गेली तर गेली. आणि त्या गावातल्या माझ्या मित्रांनो, तुम्ही हे वाचताय हे मला माहीत आहे. जाहीर माफी वगैरे काही नको. तो चर बुजवा. एका जेसीबीचं अर्ध्या तासाचं काम आहे.