माळ्यावरच्या कॅसेट आणि अपरिग्रह



दशलक्षण पर्व जवळ आले की घरोघरी झाडलोट सुरू होते, आणि हल्ली त्याला अपरिग्रह म्हणायची पद्धत पडली आहे. जुने दिसले की टाका. आमच्या सूनबाईंनी माळ्यावरच्या तीन कॅसेट दाखवून विचारले, "आई, या कशाला हव्यात?" प्रश्न रास्त आहे, म्हणून सविस्तर लिहिते.

१९७४-७५ साली भगवान महावीरांचा २५०० वा निर्वाण महोत्सव देशभर झाला. तळहाताचे आपले जैन प्रतीकही त्याच निमित्ताने सर्व पंथांनी मान्य केले. मी तेव्हा चौदा वर्षांची. बस्तीत जाणाऱ्या आम्ही पाच मुलींनी गाणी रचली. दहा धर्मांवर दहा, शिवाय एक पाळणा. चाली अर्थातच सिनेमाच्या. अण्णांच्या मित्राचा टेपरेकॉर्डर मागून आणला आणि स्वयंपाकघराचे दार लावून ती भरली.

चालींवरून मोठ्यांनी नाके मुरडली. मला तो आक्षेप आजही पटत नाही. जुन्या गुजराती जैन स्तवनांवर 'देशी' म्हणून लोकांत रुळलेल्या गाण्याची चाल दिलेली असते. आम्ही त्याच वाटेने गेलो. नवव्या दिवसाचा 'आकिंचन्य' शब्द काही केल्या चालीत बसेना, तेव्हा आजीला अर्थ विचारावा लागला. माझे म्हणावे असे काहीच नाही, हे मी प्रवचनात ऐकण्याआधी त्या अडलेल्या ओळीपाशी शिकले. आता स्पीकरवर तयार गाणे लागते. सूर पक्के असतात, पण कुठल्या मुलीला शब्द अडत नाही.

तत्त्वार्थसूत्रात परिग्रह वस्तू मोजून ठरवलेला नाही, मूर्च्छेवर म्हणजे आसक्तीवर ठरवला आहे. त्या कसोटीला आधी माझ्या रेशमी साड्या लागतील. (त्याबद्दल सूनबाई काही बोलत नाहीत!)

बी.कॉम.ची सवय, म्हणून हिशेब मांडते. साठ मिनिटांच्या तीन कॅसेट, म्हणजे तीन तास. कॅसेटच्या मागच्या कडेच्या दोन पाती मोडल्या की त्यावर पुन्हा रेकॉर्डिंग होत नाही. दोन कॅसेटच्या मी मोडल्या होत्या. तिसरीवर भावाने सिनेमाची गाणी भरली. उरले दोन तास. तुमच्याकडे अशा कॅसेट असतील तर आधी खिडकीतून फीत बघा. कडेला पांढरी बुरशी दिसली तर प्लेअरमध्ये घालू नका, जाणकाराकडून साफ करून घ्या.

आमच्या पाचांतल्या एकीने पुढे आर्यिका दीक्षा घेतली. तिसऱ्या गाण्यात मध्येच ती फिसकन हसते आणि मग सगळ्याच हसतो. तिची आई आता नव्वदीला टेकली आहे. त्यांनी मला दोनदा विचारले, "तो आवाज आहे का गं तुझ्याकडे?" मंडळातल्या काही जणी म्हणतात, कशाला मोह वाढवायचा? मला हे कठोर वाटते. घर सोडण्याचे व्रत लेकीने घेतले, आईने नाही. माताजींपुढे ही टेप मी कधीच वाजवणार नाही, तो त्यांच्या त्यागाचा मान आहे. पण काकींना ऐकवणार.

नातवाने दोन्ही कॅसेट फोनवर उतरवून दिल्या आहेत. बाकी तिघींना पाठवल्या. रिकामा डबा सूनबाईंनी खुशाल न्यावा. रविवारी हेडफोन घेऊन काकींकडे जाणार आहे, त्यांना आता कमी ऐकू येते.