न तपासलेली श्रद्धा

भाजलेला माणूस दवाखान्यात येतो तेव्हा डॉक्टरांना बरेचदा औषध लावण्याआधी पुसापुशी करावी लागते. टूथपेस्ट, हळद, तूप, शाई, कुठल्यातरी बाबाचं मलम. त्या कातडीला तातडीने हवं होतं ते वीस मिनिटं वाहतं गार पाणी. आपण तिच्यावर आपल्या समजुती थापल्या.

मधही आजीच्या बटव्यातलाच. पण सोलापूरच्या डॉ. एम. सुब्रह्मण्यम यांनी त्यावर नुसता विश्वास ठेवला नाही. 104 रुग्णांचे दोन समान गट केले. एकाला मध, दुसऱ्याला तेव्हा सर्रास वापरलं जाणारं सिल्व्हर सल्फाडायझिन. जखमा कधी निर्जंतुक झाल्या, कधी भरल्या, याची नोंद ठेवली. 1991 साली निष्कर्ष छापला: मध सरस. पुढे इतरांनीही पडताळलं. कमी खोल जखमा मधाने काही दिवस आधी भरतात. खोल जखमेला मात्र त्वचारोपणच लागतं. परंपरेचा खरा मान तिला कसोटीला लावण्यात आहे.

आणि जे कसोटीला उतरलं आहे, त्याचं आपण काय करतो? मुंबईच्या सायन रुग्णालयात 2000 साली त्वचापेढी सुरू झाली. मृत्यूनंतर सहा तासांच्या आत मांड्या, पाय, पाठीवरून कातडीचा पातळ थर घेतात. चेहऱ्याला धक्का लागत नाही, रक्तगट जुळावा लागत नाही. तरीही ‘पुढच्या जन्मी कातडीविना यावं लागेल’ म्हणत आपण तो थर चितेवर जाळतो आणि भाजलेलं पोर त्याच्यावाचून तडफडतं. हा धर्म नव्हे, निर्दयता आहे.

जखमेचं कारण तरी आपण कुठे तपासतो? हुंड्यापायी जाळलेली सून सासरच्या माणसांच्या धाकात ‘स्टोव्हचा भडका उडाला’ असं सांगते. शेजाऱ्यांनी भांडणं ऐकलेली असतात, माहेरच्यांना सगळं ठाऊक असतं. तरी सारे मान डोलावतात. असं मौन पाळणारा प्रत्येकजण त्या आगीत भागीदार आहे.

म्हणून कोणतंही नवं मलम पुढे आलं की विचारा: किती रुग्णांवर पाहिलं, कशाशी तुलना केली, वेदनेने कळवळणाऱ्या त्या माणसाला समजावून त्याची संमती घेतली का? त्वचादानाचा निर्णय आजच घरात बोलून ठेवा. शेजारी सून भाजली, तर खरं काय ते पोलिसांना सांगा. डॉक्टर पुराव्यावाचून उपचार करू लागले तर आपण त्यांना गुन्हेगार म्हणू. तोच न्याय स्वतःला लावण्याची हिंमत या समाजाने दाखवलीच पाहिजे.