मग यानं शोधलं काय?

मराठीच्या प्राध्यापकाला घरात निरुत्तर व्हायची सवय असते. पण परवा रविवारी आमच्या चिरंजीवांनी जो प्रश्न विचारला तो माझ्याच विषयातला होता आणि तरीही मला उत्तर देता आले नाही. म्हणून ही हकीकत वाचकांपुढे मांडतो.

चिरंजीव बारा वर्षांचे. शाळा इंग्रजी, मराठी बोलण्यापुरती. बाप कॉलेजात लोकांच्या मुलांना मराठी शिकवतो आणि पोटचा पोर मराठीचे पान उलटीत नाही, हे शल्य मी फारसे कुणाला सांगत नाही. तेव्हा एका महाबली गुप्तहेराच्या चित्रकथेचा मराठी अंक दुकानात दिसताच मी तो उचलला. वीराचे नाव सांगत नाही. माझे त्याच्याशी वैर नाही. मुखपृष्ठावर कुलूप लावलेले गोदाम होते. आम्ही राहतो भिवंडीजवळच्या पूर्णा गावात. इथे पाहावे तिकडे गोदामेच! मनात म्हटले, मासा गळाला लागलाच.

आणि लागलाही. गोदामाचे कुलूप जागच्या जागी, सील शाबूत, आणि आतला माल मात्र गायब! "अहो, ताट निवतंय त्याचं," असे स्वयंपाकघरातून दोनदा ऐकू आले, पण स्वारी हलेना. पाचव्या पानावर तो ओरडला, "बाबा, कळलं! हा ट्रक बघा. गेटातून आत येतोय, पण पाटे दबलेले नाहीत. भरलेली गाडी अशी उंच दिसते का कधी? माल आलाच नव्हता! नुसता कागदावर उतरवलाय!"

खरे सांगतो, मला भरून आले. दिवसभर दारावरून जाणाऱ्या ट्रकांचे ज्ञान त्याने मराठी वाचताना वापरले होते.

पण शेवटच्या पानांवर काय? आमचे महाबली आले, त्यांनी भिंतीपलीकडे दिव्य दृष्टी टाकली, चोर दिसला, एका ठोशात भिंत पाडली, चोराने गुन्हा कबूल केला. ट्रकचे नाव नाही! चित्रकाराने तो उंच काढला होता तो उगाचच. पोराने पाने मागे उलटली, पुढे उलटली आणि विचारले, "बाबा, मग यानं शोधलं काय?"

बळाला माझा आक्षेप नाही. १९३९ च्या मे महिन्यात 'डिटेक्टिव्ह कॉमिक्स'च्या २७ व्या अंकात बॅटमॅन अवतरला. त्याच्यापाशी दैवी शक्ती नव्हती, डोके होते. १९६४ च्या मार्चमध्ये 'इंद्रजाल कॉमिक्स' निघाले आणि वेताळ घरोघर पोहोचला. १९९० मध्ये ते बंद पडले तेव्हा मी शाळकरी पोर होतो. जुने अंक मिळवून पारायणे केली. मुखवट्याआडचा वेताळही तुमच्याआमच्यासारखा मर्त्य माणूसच. आणि आपले बाबूराव अर्नाळकर! झुंजार, काळा पहाड, धनंजय आणि छोटू यांना घेऊन त्यांनी हजारावर रहस्यकथा लिहिल्या. आम्ही विद्वान मंडळींनी नाके मुरडली. पण वाचनाची गोडी कुठे लागली असे विचारले, तर जुनी माणसे आजही त्यांचेच नाव घेतात.

रहस्यकथा हा लेखक आणि वाचक यांच्यातला करार असतो. गुप्तहेराला जे दिसते ते वाचकालाही दिसले पाहिजे. मग आधी कुणाला उमजते ते पाहू. ज्याला भिंतीपलीकडचे दिसते त्याला वाचकाची सोबत कशाला हवी? बारा वर्षांच्या पोराने करार पाळला, मोठ्यांनी मोडला. मोठ्या माणसांना वाटते, मुलांना काय कळते; चार ठोसे, दोन धमाके पुरे!

अंक रद्दीच्या गठ्ठ्यावर गेला. मी भीत भीत विचारले, "पुढचा आणू का रे?"

"नको," तो म्हणाला. मग जरा थांबून, "तुम्हीच सांगा ना. त्या ट्रकवाल्याचं पुढं काय झालं?"

गेले चार दिवस रात्री पेपर तपासायचे बाजूला ठेवून मी वही घेऊन बसतो आहे. खोटी पावती कुणी फाडली, इथवर गाडी आली आहे. पण ट्रकवाला कुठे दडला, ते काही केल्या सुचत नाही. आणि पोरगा रोज सकाळी विचारतो आहे.