आधी झोपायची खोली रंगवू या

पाऊस ओसरला की घरोघरी रंगाची बोलणी सुरू होतात. पाहुण्यांची नजर पडते म्हणून पहिला मान बाहेरच्या खोलीला मिळतो. आतली झोपायची खोली वर्षानुवर्षे तशीच राहते. कमरेइतका गडद हिरवा नाहीतर निळा ऑइल पेंट, वर उडालेला चुना आणि कोपऱ्यात ओलीचे पोपडे. पण तान्हे मूल, बाळंतीण, आजारी माणूस यांचा दिवस याच खोलीत जातो. म्हणून आमचे सांगणे आहे, पैसा थोडा असेल तर तो आधी या खोलीला लावावा.

रंग आणण्याआधी भिंत तपासावी. तळहात घासून पाहावा. हाताला पांढरी भुकटी लागली तर जुना चुना खरवडून काढावा, नाहीतर वरचा प्लास्टिक रंग पापुद्र्यासारखा सुटतो. ओलीचा संशय असेल तर प्लास्टिकचा तुकडा चारी कडांनी चिकटपट्टीने भिंतीला लावून दोन दिवस ठेवावा. आतून भिंतीच्या बाजूला पाणी धरले तर ओल भिंतीतच आहे. आधी गळती थांबवावी आणि भिंत सुकू द्यावी. रंगाने ओल झाकत नाही.

आता मुख्य गोष्ट. जुन्या ऑइल पेंटमध्ये शिसे असू शकते. घरगुती रंगात दहा लाख भागांत 90 भागांपेक्षा जास्त शिसे नको, हा नियम आपल्याकडे 1 नोव्हेंबर 2017 पासून लागू झाला. त्याआधीचे दार, खिडकी, पट्टा कोरडे घासले तर विषारी धूळ उडते. ही धूळ लहान मुलांच्या मेंदूला आणि पोटातल्या बाळाला घातक असते. म्हणून असा रंग ओला करून पाण्याच्या पॉलिश पेपरने घासावा. झाडू न मारता ओल्या फडक्याने पुसून घ्यावे. काम संपेपर्यंत मुले आणि गरोदर बाई दुसरीकडे झोपावीत.

घासून झाल्यावर भेगांत पुट्टी, मग प्रायमर आणि वर रंगाचे दोन हात. लहान खोलीला फिकट रंग बरा, उजेड वाढतो. दुकानातल्या कार्डावर विसंबू नये. थोडा रंग भिंतीवर लावून दिवसा आणि रात्री ट्यूबलाइटमध्ये पाहावा.

हिशेबही मांडू या. खोली 10 बाय 10, उंची 9 फूट. चार भिंती 360 चौरस फूट. दार-खिडकीचे 33 वजा जाता 327, दोन हातांचे 654. एका लिटरमध्ये एका हाताला 120 चौरस फूट धरले तर साडेपाच लिटर रंग लागेल. डब्यावर छापलेला आकडा वेगळा असेल तर त्याने भागावे. इतके घरी मांडले की दुकानदार सांगेल तेवढे डबे उचलावे लागत नाहीत.

रंगारी लावला तर त्याच्या मजुरीत घासाघीस करून पैसे वाचवू नयेत. तोही आपल्यासारखाच हातावर पोट असलेला. ती धूळ रोज त्याच्या छातीत जाते. त्याला चांगला मास्क आणि हात धुवायला साबण द्यावा. आपल्या मुलांसाठी जी काळजी घेतो, ती त्याच्या मुलांच्या बापासाठीही घेऊ या.